हॉकी, कबड्डी, शिट्टी

नवऱ्याची वाचा गेली त्या वर्षी मला क्रिकेटमधला ऑफ-स्पिन आणि लेग-स्पिन यांतला फरक कळला. त्याआधी तीसेक वर्षांच्या संसारात तो कळून घ्यायची गरज पडली नव्हती. घरात खेळावर बोलायला एक माणूस होता आणि तो पुरेसा होता.

हे विमा कंपनीत होते, मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. दोघंही निवृत्त झालो. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा लिफ्ट असावी असं आमच्या डोक्यातही आलं नाही. पाय तरुण होते. मुलगी एकुलती एक. ती हिंजवडीला नोकरी करते आणि तिकडेच वाकडला राहते. एकाच शहरात राहतो असं म्हणायचं, पण मधली वाहतूक अशी की शनिवारी ती आमच्याकडे निघाली तर पोचेपर्यंत तिची सुट्टी निम्मी संपलेली असते.

ह्यांचा संध्याकाळचा कट्टा होता. कालव्याच्या रस्त्याला चहाची टपरी, समोर सिमेंटचा ओटा, त्यावर हे आणि आणखी तिघं. राजकारण निघालं की भांडणं व्हायची, तब्येती निघाल्या की सगळे गप्प व्हायचे, म्हणून त्यांनी आपल्यापुरता एक खेळ काढला होता. एकानं एखादा जुना खेळाडू मनात धरायचा आणि त्याची कारकीर्द सांगत जायचं. नाव नाही, देश नाही. लांबच्या खुणेपासून सुरुवात. आधी पोहायचा, खांदा दुखावला म्हणून धावायला लागला. पहिल्या मोठ्या स्पर्धेत शेवटून दुसरा आला. असं करत करत जवळ यायचं. क्रिकेट, हॉकी, टेनिस, मुष्टियुद्ध, काहीही चालायचं. आधी ओळखेल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा.

घरी आल्यावर हे तेच कोडं मला घालायचे. मी कणीक मळत असायची. "सांग बघू कोण?" म्हणत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. मी म्हणायची, "पोळ्या किती करू ते सांगा." मग थोडा वेळ वाट बघून नाव स्वतःच सांगून टाकायचे आणि हात धुवायला जायचे.

एका सकाळी हे फिरायला निघाले होते. बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "तेच ते." मला वाटलं कंबर धरली. पुन्हा विचारलं, पुन्हा "तेच ते", आणि तोंड उजव्या बाजूला उतरलेलं दिसलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

घरी परत आणलं तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत ओढत टाकता येत होता. समज शाबूत होती. बोलणं मात्र 'तेच ते' एवढंच उरलं. पाणी हवं असलं तरी तेच ते, पंखा बंद करायचा असला तरी तेच ते. डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला वाचाघात म्हणतात. शब्द आत असतात, ते तोंडापर्यंत येत नाहीत.

पहिले काही आठवडे भेटायला पुष्कळ लोक आले. बहुतेकजण ह्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू कानच गेले आहेत, आणि मग माझ्याकडे वळून ह्यांच्यासमोरच ह्यांच्याबद्दल विचारायचे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जाता जाता म्हणाले, "एका दृष्टीनं तुमचं बरंय. आमच्याकडे बोलणं थांबतच नाही." पुण्यात ह्याला सांत्वन म्हणतात. मी त्यांना चहा विचारला नाही.

कट्ट्यावरचे तिघं एका रविवारी एकत्र आले. बरोबर मोसंबी आणली होती. थोडा वेळ अवघडून बसले, मग त्यातल्या एकाला वाटलं की नेहमीसारखं करावं. हे गृहस्थ पूर्वी टपाल खात्यात होते, चौघांत सगळ्यात जास्त बोलके. त्यांनी कोडं घातलं. बॅडमिंटनपटू, सुरुवात टेबल टेनिसनं, गुडघ्याची शस्त्रक्रिया, परत येऊन मोठं विजेतेपद. दुसऱ्या खुणेलाच ह्यांचे डोळे चमकले. उत्तर आलं होतं. इतकी वर्षं ह्या खेळाकडे लक्ष दिलं नव्हतं, तरी मला कळलं की आलं होतं. ओठ हलले, मान पुढे आली, गळ्याच्या शिरा फुगल्या. "तेच," हे म्हणाले. "तेच ते. तेच ते." मग रडायला लागले. तिघंही उठले. टपालवाले जिन्यात माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, वहिनी, चुकलं माझं. त्यानंतर त्यांचे फोन यायचे, पण येणं थांबलं. एकदा फोनवर त्यांनी सरळच सांगितलं की बघवत नाही.

बघवत नाही हे मला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. घरात आम्ही दोघं होतो आणि कुकरच्या शिट्टीनंतर दुपारभर आवाज नसायचा. खालच्या मजल्यावरच्या टीव्हीतली भांडणं ऐकू यायची. मी पूर्वी एकटी असताना गुणगुणायची, तेही सुटलं, कारण मी तोंड उघडलं की हे आशेनं बघायचे आणि मला पुढे काही सुचायचं नाही.

स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायची. मुलगी यवतमाळकडची, शिकायला पुण्यात आली ती इथेच राहिलेली. तिच्या बोलण्यात अजून गावचा 'जी' होता. तिनं चित्रं आणली होती. कप, गाय, पतंग. हे काय आहे काका, असं विचारायची. ह्यांनी दोन वेळा बघितलं आणि तिसऱ्यांदा भिंतीकडे तोंड फिरवलं. मला लाज वाटली. ती मात्र म्हणाली, राग येतो हे चांगलं आहे जी, आणि मला विचारलं की काकांना वेड कशाचं होतं.

"खेळाचं."

"कोणत्या?"

"सगळ्याच."

मी कट्ट्यावरच्या कोड्यांबद्दल सांगितलं. तिनं चित्रं पिशवीत भरली. म्हणाली, आता तुम्ही खुणा सांगायच्या, काकांनी नाव सांगायचं. अडले तर पहिलं अक्षर द्या. आणि तुम्हाला उत्तर माहीत आहे हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. मी म्हटलं, ती काळजी नको, मला उत्तर माहीतच नसतं.

माळ्यावर ह्यांची जुनी क्रीडा मासिकं होती. रद्दीत घालू का म्हणून मी दर दिवाळीला विचारायची आणि हे दर दिवाळीला हातात घेऊन पुन्हा वर ठेवायचे. ती खाली काढली. हे झोपले की वाचत बसायची. फुल बॅक फुटबॉलमध्येही असतो आणि हॉकीतही. टेनिसमध्ये शून्याला प्रेम म्हणतात. प्रयोगशाळेत लेबल निघून गेलेल्या बाटल्या असत. रंग, वास, एखादा थेंब टाकून आत काय आहे ते ठरवावं लागे. ते काम मला चांगलं यायचं. हे तसंच असेल अशी मी समजूत घातली. तसं नव्हतं. बाटली चिडत नाही.

मी क्रिकेटपटूला हॉकीचं पदक दिलं की हे डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायचे. एकदा मी एका धावपटूला चक्क यष्टिरक्षक केलं, तेव्हा हे हसले. आजारानंतरचं पहिलं हसू. मी पुढचे दोन-तीन दिवस मुद्दाम चुका केल्या, पण मुद्दाम केलेल्या ह्यांना ओळखू यायच्या.

पहिलं नाव आलं ते एका टेनिसपटूचं. डावखुरा, गवतावर चांगला, मातीवर फिका, शेवटी प्रशिक्षक झाला. मी पहिलं अक्षर दिलं आणि गप्प बसले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले आणि नाव आलं, आडनावासकट, अगदी स्वच्छ. हे स्वतःच्या आवाजानं दचकले. मग तेच नाव परत परत म्हणत राहिले, चव घेतल्यासारखं. मी मुलीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, कुजबुजत म्हणाली, ग्रेट आई, मी नंतर करते हं. फोन ठेवला. बातमी सांगायला घरात एकच माणूस उरला होता आणि त्याला ती माहीत होती.

त्यानंतर नावं येत गेली. विचित्र प्रकार होता. पाणी म्हणता येत नसे, पण कुठल्यातरी लांबच्या देशातल्या भारोत्तोलकाचं जिभेची गाठ पडेल असं नाव यायचं. एका दुपारी मी सहज, म्हणजे सहज असं दाखवत, माझ्याच खुणा दिल्या. जन्म वाईचा. कॉलेजात थाळीफेक, एकदाच जिल्ह्याला निवड, मग लग्न. पुढची कारकीर्द परीक्षानळ्या धुण्यात. हे हसले. माझ्या दंडावर हात ठेवला. ओळखलं होतं. मी नावाचं पहिलं अक्षर दिलं, दुसरंही दिलं. "तेच ते," हे म्हणाले आणि हात काढला नाही.

थेरपिस्टला मी हे सांगितलं तेव्हा आवाज शक्य तितका साधा ठेवला. तिनं विचारलं, काका तुम्हाला नावानं हाक मारायचे का? मी आठवून बघितलं. अगं म्हणायचे. ऐकलंस का म्हणायचे. मुलगी झाल्यावर तिचं नाव घेऊन मला बोलवायचे. माझं नाव ह्यांनी लग्नात उखाण्यात घेतलं होतं आणि नंतर कुठल्या कुठल्या कागदांवर लिहिलं होतं. ती म्हणाली, जिभेला सवय नाही जी, बाकी काही मनात आणू नका. मी मनात आणायचं नाही असं ठरवलं. मग पुन्हा कधी विचारलं नाही.

थंडीत ह्यांनी उलटा खेळ सुरू केला. आता हे कोडं घालणार आणि मी ओळखायचं. बोलणं नव्हतं, म्हणून डाव्या हातानं खुणा. पहिली खूण अशी की हात खाली नेऊन जमिनीलगत फिरवायचा. मला वाटलं केर काढायला सांगताहेत. मी केर काढला. हे वैतागले. मग कळलं, हॉकीची काठी. मी एकेक हॉकीपटू घेत गेले. तळवा पालथा. नाही. मग मांडीवर थाप मारली. कुस्ती? कबड्डी? कबड्डीला मान हलली. मग दोन बोटं ओठांशी नेऊन फुंकायचे. ओठ एका बाजूनं मिटत नसत, त्यामुळे नुसती हवा जायची. शिट्टी. मग डावा अंगठा आणि बोट जुळवून हवेत सही केल्यासारखं. आणि शेवटी खिडकीकडे बोट, नेहमी त्याच खिडकीकडे.

हॉकी, कबड्डी, शिट्टी, सही, खिडकी. रोज तेच. मासिकं चाळून झाली, मोबाइलवर शोधून झालं. हॉकी आणि कबड्डी दोन्ही खेळलेला नामवंत मला सापडेना. मी दुसरं कोडं काढलं तर हे ऐकायचे नाहीत. जेवताना चमचा ठेवून पुन्हा काठी फिरवायचे. थेरपिस्टलाही उलगडलं नाही. मुलगी आली तेव्हा तिनं पाच-सहा नावं फेकली आणि म्हणाली, बाबा, नेक्स्ट. हे पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले.

शेवटी मी टपालवाल्यांना फोन केला. म्हटलं, येऊ नका, नुसतं ऐका. खुणा सांगितल्या. त्यांनी एक नाव सांगितलं, मी विचारून आले, नाही. दुसरं सांगितलं, नाही. थोड्या वेळानं परत फोन आला की सही म्हणजे चाहत्यांना देतात ती का साधी, ते विचारा. मी विचारून काय समजणार होतं! दुसऱ्या दिवशी बेल वाजली तर दारात तेच. गुडघे धरून उभे होते, धाप लागली होती.

ह्यांनी त्यांच्यासमोर सगळं पुन्हा करून दाखवलं. टपालवाल्यांनी सहीच्या खुणेकडे बारकाईनं बघितलं. कागदाच्या उभ्या रकान्यात करतात तशा हे सह्या करत होते, एकाखाली एक. ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाला ते कळलं.

"मस्टर?" त्यांनी विचारलं.

हे खुर्चीतून उठायला लागले.

"म्हणजे हा नामांकित कुणी नाही. आपल्यातलाच आहे का रे?"

ह्यांनी मान इतकी जोरात हलवली की मी पाठीमागून धरलं. टपालवाले माझ्याकडे बघून म्हणाले, विमा कंपनीआधी हा हडपसरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होता ना? तिथं खेळायला म्हणून पगारी माणसं ठेवायचे. सकाळी मस्टरवर सही करायची आणि मैदानावर जायचं. त्यातल्या एका हॉकीवाल्याच्या गोष्टी ह्यानं कट्ट्यावर सांगितल्यात. कुठला होता? लोणीचा की काय.

खिडकी पूर्वेची होती, लोणीच्या बाजूची.

त्या कारखान्यातली नोकरी आमच्या लग्नाआधीची. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तिथलं जेवण चांगलं होतं. टपालवाल्यांनाही त्या माणसाचं नाव आठवेना; गोष्टींत तो नेहमी 'आमचा फुल बॅक' एवढाच असायचा. कारखाना केव्हाच बंद झाला आणि तिथं आता उंच इमारती आहेत. पुढच्या शनिवारी मुलीला ह्यांच्यापाशी बसवून मी निघाले. कुठे चाललीस म्हणून तिनं विचारलं. बाबांच्या मित्राकडे, म्हटलं. नाव काय, तर म्हटलं ते तिथे जाऊन कळेल. तिनं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं.

स्वारगेटहून बस बदलून हडपसर, तिथून लोणी काळभोर. सोलापूर रस्त्यावर उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. नाव नाही, पत्ता नाही. ज्याला त्याला मी कारकीर्दच सांगत सुटले. हॉकी खेळायचे, हडपसरच्या कारखान्यात होते, नंतर कबड्डीचे पंच झाले असावेत. किराणा दुकानदार म्हणाला, असं कुणी न्हाई हितं. रसवंतीवाल्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि हॉकी म्हणजे नक्की कोणती ते विचारलं. गिरणीपाशी दळण घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र शेवटचं तेवढं उचललं.

"पंच म्हणताय व्हय? शिट्टीवाले अण्णा. हायत की. त्या पाण्याच्या टाकीमागं."

रस्त्याला लागून नवीन बंगला होता, मागच्या बाजूला त्यांची खोली. उंच माणूस, दोन्ही गुडघे बाहेर वळलेले, कॉटवर बसून शेंगा सोलत होते. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि ह्यांचं नाव घेतलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"टाइमकीपर?" ते म्हणाले.

मी आजाराबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यानं माझं नाव घेतलं?"

"नाव येत नाही त्यांना. खुणा केल्या." मी करून दाखवल्या. काठी, मांडी, शिट्टी, सही. परक्या घरात, परक्या माणसासमोर साठीची बाई मांडीवर थाप मारते आहे, हे मला नंतर बसमध्ये सुचलं.

सून बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला चहा टाकायला सांगितलं. तिला ते हॉकी खेळायचे हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी सासरे शाळांच्या कबड्डीचे पंच होते, बस. त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. कारखान्यानं त्यांना खेळासाठी घेतलं होतं, कामासाठी कुणी विचारत नसे, पण मस्टरवर वेळेत सही हवी. ती घ्यायला टाइम ऑफिसात हे बसलेले असत. हे स्वतः खेळायला जायचे पण पायांत खेळ नव्हता. म्हणून सामन्यांना काठ्या आणि पाण्याची बादली घेऊन बरोबर यायचे, बाहेरून ओरडायचे, आणि परतताना सगळा सामना पुन्हा तोंडी खेळून दाखवायचे. मग कारखान्यानं संघ बंद केला, त्यांना गेटवर उभं केलं; ते गावाकडे आले आणि शेतीबरोबर कबड्डी धरली. हे विमा कंपनीत गेले.

भांडण झालं होतं का, मी विचारलं. ते म्हणाले, "नाही ओ. राहून गेलं."

दोन आठवड्यांनी ते आमच्याकडे आले. नातवानं मोटारीनं सोडलं. जिना चढायला त्यांना किती वेळ लागला असेल ते मी मोजलं नाही. प्रत्येक मजल्यावर थांबत होते आणि मी वरून कठड्यावरून बघत होते. ह्यांना काही सांगितलं नव्हतं. ते दारात उभे राहिले. हे खुर्चीत होते. बघितलं, बघत राहिले. मग ह्यांच्या तोंडातून निघालं, "उशीर केलास."

अख्खं वाक्य. आवाजही जुना, टाइम ऑफिसातला असणार. मी तो कधी ऐकला नव्हता. पाहुणे दाराची चौकट धरून हसायला लागले आणि म्हणाले, "मांडा लाल शाई, साहेब." रोज सकाळी दोघांचं हेच चालत असे, ते नंतर कळलं. हे हसत होते, लाळ गळत होती, पुसायचं भान नव्हतं.

मी पोहे करायला आत गेले. बाहेर पाहुणे कुठल्यातरी जुन्या सामन्याचं सांगत होते आणि हे अधूनमधून एखादा शब्द टाकत होते. कॉर्नर. पेनल्टी. एकदा अख्खी शिवी दिली. ह्यांच्या तोंडून मी शिवी कधी ऐकली नव्हती. कांदा चिरताना माझ्या लक्षात आलं की ज्या माणसाची वाचा परत यावी म्हणून मी एवढी धडपड केली, तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि पोहे थोडे लागले. दोघांनी तसेच खाल्ले.

त्यानंतर ते आणखी काही वेळा आले. पावसाळ्यात गुडघे फारच बिघडले, मग मोबाइलवर एकमेकांचं तोंड बघायचे. टपालवाले मात्र पुन्हा येऊ लागले, आणि अजून येतात. ह्यांचं बोलणं थोडं सुधारलं, मग एका जागी थांबलं. थेरपिस्ट लग्न करून नागपूरला गेली. जाताना म्हणाली, कोडी सोडू नका जी.

गेल्या मार्चमध्ये लोणीहून त्यांच्या नातवाचा फोन आला. अण्णा झोपेत गेले होते. ह्यांना सांगायचं कसं हा प्रश्न मला पडला, पण पलंगाच्या कडेला बसून सरळ सांगितलं. हे ऐकत राहिले. मग हात खाली नेऊन काठी फिरवली, एकदाच, आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांचं नाव घेतलं. ह्यांनी मान हलवली.

भेटायला मी एकटीच गेले. बंगल्याच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. सुनेनं मला बायकांत बसवलं आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, काकू, तुम्ही त्या दिवशी ते हॉकीचं काय सांगत होता, ते पोरांना सांगा ना, आम्हाला कुणालाच नीट ठाऊक नाही. मग मी सांगितलं. कारखान्यानं त्यांना खेळायला पगार देऊन ठेवलं होतं. डावीकडचे फुल बॅक होते. पायावर चेंडू घ्यायला घाबरायचे नाहीत, गुडघे त्यातच गेले. खेळाडू कमी पडले की कारखान्याच्या क्रिकेट संघातही उभे राहायचे आणि सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर फेक करायचे. एका अंतिम सामन्यात काठी मोडली तेव्हा टाइम ऑफिसातला एक कारकून कुंपण ओलांडून नवी काठी द्यायला धावला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. हे सांगताना मी थांबले, कारण तो कारकून माझा नवरा होता आणि ही गोष्ट मला मेलेल्या माणसानं सांगितली होती. पुरुषांकडची दोन-तीन माणसं सरकून जवळ आली. कुणीतरी विचारलं, मग जिंकले का? मी म्हटलं, नाही, हरले.

परतीच्या बसला गर्दी होती. हडपसरपर्यंत उभी होते, मग खिडकी मिळाली. घरी पोचले तर टपालवाले खुर्चीत आणि हे पलंगावर, दोघंही झोपले होते, टीव्हीवर कुठलीतरी बॅडमिंटनची मॅच आवाज बंद करून चालू होती. मी उठवलं नाही. चपला काढल्या, पाय धुतले आणि तिथेच खाली भिंतीला टेकून बसले. एक मुलगी हरत आली होती. तिचं नाव मला माहीत होतं, ती आधी काय खेळायची तेही माहीत होतं. शेवटचा गुण होईपर्यंत मी बघत राहिले.